पान दोनशे बारा

सहा महिने माझं नाव यादीत होतं.
त्रिवेदीभाई चष्म्यावरून बघत म्हणायचे,
नाही आलं बेटा, कोणीतरी दाबून बसलंय.
त्या कोणाला मी मनात शिव्या दिल्या,
दोन मराठी, बाकी सगळ्या गुजराती.

काल मिळालं.
मांडवीच्या लायब्ररीत वर काचेची जमीन आहे,
खालच्याला वरच्याच्या चपला
ढगांसारख्या सरकताना दिसतात.
तिथेच, दोन कपाटांच्या मध्ये, उभ्यानं सुरू केलं.
खाली कोणी मान वर केली असेल
तर त्याला तासभर दोन न हलणारे ढग दिसले असतील.

पहिल्या भागात तिनं भावाला वाचवलं होतं.
त्या शहरात सोळाव्या वाढदिवशी
नाव काढून घेतात, नंबर देतात.
तिनं त्याचं नाव कागदाची गोळी करून
दाढेखाली लपवलं, आणि भिंत ओलांडली.
मी नववीत होते. तिच्याबरोबर पळाले होते,
चार रात्री, पांघरुणात, धाप लागेपर्यंत.

आता भिंतीवर तोच उभा आहे.
गणवेशात. बंदूक नीट धरता येते त्याला.
ती खालून ओरडते त्याचं नाव,
अख्खं, मग लाडाचं,
आणि तो शेजारच्या शिपायाला विचारतो,
हा कुठला शब्द आहे?

मी पुस्तक मिटलं. उघडलं.
तेच लिहिलेलं होतं.

सुरसागरापाशी अ‍ॅक्टिव्हा थांबवली.
पाण्यातला शंकर नेहमीसारखा उभा,
कोणाच्याच बाजूनं नाही.
लेखिका समोर आली असती तर
हेल्मेट फेकून मारलं असतं.

घरी आई म्हणाली, डोळे बघ. कोण गेलं?
कोणी गेलं नाही गं, तेच तर.
पुस्तकातलं का? मग जेव आधी.
आमटी गोड होती. आमच्याकडे आता गोडच होते.
मी रडत दोन वाट्या प्यायले.
भांडी घासताना तिनं पाठमोरंच विचारलं,
मग? ओळखतो का शेवटी?

नाही ओळखत.
रात्री अडीचला कळलं.
ती त्याला नाव शिकवायचं सोडून देते.
भिंतीला पाठ टेकून विचारते, तुला काय म्हणू?
तो नंबर सांगतो.
ती त्याला नंबरानं हाक मारते.
एक आकडा इतक्या मायेनं म्हणता येतो
हे मला, बारावी गणिताच्या मुलीला, माहीत नव्हतं.

मग मी मागे गेले. दोनशे बारावर.
समासात, अगदी पुसट, पेन्सिलनं,
गुजरातीत कोणीतरी लिहिलेलं:
आवुं ना कराय.
असं नाही करायचं. एवढंच.
खाली पेन्सिल टेकून राहिल्याचा खड्डा,
पुढे काहीतरी लिहायचं होतं
आणि सुचलं नाही, तसा.

म्हणजे हा तो, दाबून बसलेला.
किंवा ती.
सहा महिने याच पानावर.

लायब्ररीच्या पुस्तकात लिहू नये
हे मला पहिलीपासून माहीत आहे.
मी लिहिलं. हो ना.

आज परत करताना विचारलं,
तिसरा भाग येईल तेव्हा माझं नाव घालाल?
त्रिवेदीभाईंनी वही उलटली.
तुझ्याआधी एक जण आहे, म्हणाले.

असू दे, म्हटलं.