वाटे

रापण ओढून झाली की वाळूवर वाटे पडायचे.
बाबल्या गिरप वाटे घालायचा
आणि स्वतःचा उचलायचा सगळ्यांत शेवटी,
बहुतेक वेळा तारल्यांचा,
एखादा मोडक्या नांगीचा खेकडा धरून.
त्याबद्दल कधी बोलला नाही.
पहाटेच्या गार पाण्यात मात्र
कमरेपर्यंत पहिला तोच.

यंदा वाटे घालणं माझ्याकडे आलं.
काल निवतीला सुरमई लागली. एकच,
हाताएवढी.
ती माझ्याच वाट्यात कशी पडली
मला ठाऊक आहे.

पोरं काही म्हणाली नाहीत.
नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली,
आम्ही त्याच्या हाताकडे बघायचो तशी.

मी वाटे मोडले.
सुरमई अजून तडफडत होती.