शिट्टी कुठं बसते

बत्तीस वर्षं वडगावात चार मागांच्या मधी उभा होतो,
खटक-खटक, खटक-खटक,
तेव्हा कान दोन असतात हे ध्यानातच आलं नाही.
माग भंगारात गेले. मग कळलं.
डाव्या कानात एक शिट्टी,
कुकर उतरवायला घरात कुणी नसल्यासारखी,
रात्रभर.

दवाखान्यात शिवलीलाबाई हेडफोन चढवतात.
"एडक्क? बलक्क?"
मग स्वतःच हसतात, "डावं की उजवं, मामा?"
मी बोट दाखवतो.
आधी पाणी. मार्कंडेय नदीचं,
कंग्राळीकडं जाऊन त्यांनीच टेप करून आणलेलं.
दोन्ही कानांत सारखं आलं
की ते डोक्याच्या मध्यावर साचतं, टोपीखाली.
त्या काहीतरी फिरवतात,
उजव्या कानाला पाणी जरा उशिरा पोचतं.
जरा म्हणजे किती?
सेकंदाचे दोन हजार तुकडे करा, म्हणाल्या, त्यातला एक.
तेवढ्यात नदी उठते
आणि डावीकडं जाऊन बसते,
खांद्यापलीकडं, खिडकीपाशी.

मी सुताचा माणूस.
एक धागा ढिला पडला की पदर कसा तिरका येतो
ते मला विचारा.
पण एवढ्याशा ढिलाईतून जागा निघते,
हे नवीनच.

शिट्टी थांबायची नाही,
हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय.
तिला फक्त डोक्यातून उठवायचं
आणि बाहेर पाण्याकाठी बसवायचं.
बसते का? बसते कधी कधी.
कधी परत येते, घरजावयासारखी,
पाय धुऊन आत.

रविवारी खासबागच्या बाजारात शेवंता मागून हाक मारते.
रिक्षा, माणसं, मेथीचा भाव
अर्धा कानडीत अर्धा मराठीत,
सगळं एकाच ढिगात.
"अहो, इकडं!"
इकडं म्हणजे कुठं, ते हाकेत नसतं.
ते दोन कानांनी आपापसात ठरवायचं.
मी थांबतो. नदी आठवतो.
डावीकडं वळतो.

समोर शेवंता. पिशवी पुढं करते, धरा म्हणते.

तिला दम लागलाय.
आणि उजवीकडं, पार पलीकडं,
काकडीवाला हात वर करून उभा,
"अक्का, चिल्लर राहिली!"