पाचशे मीटर

पौड रोडवर कंपासचं टोक टेकवलं तेव्हा
तिथे स्टेशन नव्हतं, रसवंती होती.
रसवंती आम्ही नकाशात दाखवत नाही.
साहेब म्हणाले, पाचशे मीटर घ्या, मिरीकर.
दहा मिनिटं लोक चालत येतात.

रेघ एका पिठाच्या गिरणीतून गेली,
दळण आत, गिऱ्हाईक बाहेर.
आतल्यांचं चटई क्षेत्र वाढलं.
चटया कुणाच्या गुंडाळल्या जातील
हा रकाना तक्त्यात नव्हता.

खांबांच्या आधी भाव उभा राहिला.
मग खांब. मग पत्ते बदलले,
मारुतीसमोर राहणारे
दोनशे सात नंबरसमोर राहू लागले.
आमच्याही सोसायटीची बैठक झाली,
मी मागच्या खुर्चीतून हात वर केला.
आता अकराव्या मजल्यावर असतो.
खालचे तीन मजले मोटारींचे;
स्टेशन इतकं जवळ, तरी घरटी दोन.

वडिलांनी इथे प्लॉट घेतला
तेव्हा डेक्कनवरचे काका म्हणाले होते,
रानात चाललास, परत यायला बस आहे का?
एक होती. वळवून घेऊन ड्रायव्हर बिडी ओढायचा.
थांब्याला टपरी लागली, टपरीला दुकान,
दुकानामागे कॉलनी,
कॉलनीनं अर्ज केला, दुसरी बस आली.
शेवटचा थांबा शेवटचा राहत नाही,
पुढे सरकतो, कुणाला तरी बरोबर घेऊन.

सरूबाई ढमढेरेंना तो भुकूमपल्याड घेऊन गेला.
गिरणीमागची खोली पडली,
पोळ्यांची सहा घरं मात्र इथेच, वर्तुळात.
तिकडे तासाला एक बस.
डेपो म्हणतो, माणसं नाहीत, फेरी परवडत नाही.
माणसं म्हणतात,
पण माणसं तर नाहीतच ना,
डेपोनं तसं लिहून दिलंय.

"ही असली हद्द आखतं कोण हो?"
कणीक मळता मळता त्यांनी एकदा विचारलं.
मी चहाचा घोट जरा मोठा घेतला.

सकाळी वनाजला त्या उतरतात.
डोक्यावरून पहिली मेट्रो गावाकडे जाते,
दिवे लागलेली, जवळजवळ रिकामी.
त्यांना तिचा उपयोग नाही.
त्या येतात त्या बाजूला रूळ अजून कागदावर आहेत,
आणि त्या कागदावरही
कुणीतरी टोक टेकवलं असेल.

खांबांखालून त्या चालत येतात,
पिशवी या हातातून त्या हातात घेत.
काल गॅलरीतून मी घड्याळ लावून पाहिलं.
दहा मिनिटं.
साहेबांचं बरोबर होतं.