टोपली

शौलेईच्या या हॉलखाली, बॉयलरशेजारी,
सव्वीस वर्षं मी जर्स्या धुते.
वर पाय आपटले की माझ्या छताचा चुना झडतो.
कोण जिंकलं ते आवाजावरून कळतं,
कोण कसा हरला ते टोपलीवरून.

पोरं जर्सी उलटीच काढतात.
डोक्यावरून ओढायची, भिरकवायची,
एक मोजा बाकाखाली, दुसरा कुठल्या कुठे.
वायदोतास तेवढा सुलटी करून ठेवायचा,
खांद्याला खांदा लावून. तेरा वर्षं.
मग त्याचा गुडघा गेला
आणि कप्तानपद किप्रासकडे आलं.
वय एकवीस. दाढी अजून गालावर ठरत नव्हती.

पहिले दोन महिने तो नुसता आवाज होता.
जिना उतरून माझ्यापर्यंत यायचा: ‘मागे या! मागे!’
बाटल्यांच्या क्रेटला त्याने घातलेली लाथ,
तिचा ओरखडा भिंतीवर आहे अजून,
कुणी आलं तर दाखवते.
त्याला वाटत असावं, कप्तानी म्हणजे घशाचं काम.
मी काय बोलणार? मी साबण मोजते.

जानेवारीत पानेवेझीसला एका गुणाने हरलो.
शेवटचे दोन फ्री थ्रो लामॉन्टचे.
टल्साहून आलेला, एकोणीस वर्षांचा,
गोठलेलं तळं ज्याने आधी चित्रातच पाहिलेलं.
दोन्ही चुकले.
दुसरा तर रिंगला शिवलासुद्धा नाही.

बसमध्ये मी मागे, पिशव्यांजवळ.
बाहेर उणे सोळा, काचांवर आतून बर्फ.
किप्रास उठला. झालं, म्हटलं, आता सुरू होणार.
तो लामॉन्टशेजारी जाऊन बसला
आणि काहीच बोलला नाही.
राडविलिश्किसचे दिवे मागे पडले तेव्हा
आईने बांधून दिलेला काळा पाव काढला,
अर्धा तोडून पुढे केला.
पोराने घेतला,
त्याच हाताने नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांना म्हणाला,
‘शेवटची चाल मीच चुकीची लावली.’
मी टेप पाहिली आहे, नातवाबरोबर, दोनदा.
चाल बरोबर होती.
खोटं बोलला पोरगा,
आणि ते खोटं त्याच्या अंगावर
थोरल्या भावाच्या कोटासारखं बसलं,
खांद्यात जरा सैल.

लगेच शहाणा झाला असं नाही.
फेब्रुवारीत पंचांशी हुज्जत घालून बाहेर गेला,
एकदा इथेच जिन्यात फोनवर भांडला, मग रडला.
मी मशीन चालू केलं,
रिकामंच.

पण टोपली आता वेगळी येते.
कोण सांगतं, कधी सांगतं, ठाऊक नाही:
मोजे जोडीने, टॉवेल तळाला,
लामॉन्टची जर्सी सुलटी, खांद्याला खांदा.
आणि सगळ्यांच्या वर सात नंबर,
ओला, उलटा, एक खांदा आतच अडकलेला.

त्याला सांगायचं नाही, असं ठरवलंय मी.
कोपरापर्यंत हात आत घालते
आणि सात नंबर बाहेर ओढून काढते.