रात्रपाळी

सूतगिरणीचा भोंगा थांबला त्याला चौदा महिने झाले.
भास्कर अजून रात्री पावणेअकराला उठून बसतो,
अंधारात पाय चपलेत घालतो,
मग आठवतं त्याला.
गडवाभर पाणी पितो, भिंतीकडे तोंड करून आडवा होतो,
दहा मिनिटांत झोपतो.

मी नाही झोपत.

मी गावाची आशा.
गिट्टीच्या रस्त्यानं घरोघरी जाते, पिशवीत लोहाच्या गोळ्या,
आणि दिवाळीनंतर आलेला एक नवा फॉर्म, मनाचा:
झोप लागते का? जेवण जातं का? मन रमतं का?
शून्य ते तीन, एवढंच लिहायचं.
सखूबाई मडावी म्हणाली, "मन रमते म्हनजे कसं वं बाई?
मन का बकरी हाय, कुठी बी बांधली का रमते?"
मी तिला शून्य दिला.

मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या,
ज्या घरचा माणूस बसून आहे, तिथं त्या माणसाकडे लक्ष द्या.
दिलं.
भास्कर पाटवडीचा रस्सा करायला शिकला.
शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करतो, पैसे मागत नाही.
पोरीच्या वेण्या घालतो, त्या माझ्यापेक्षा सरळ;
तुटलेलं सूत चालत्या चात्यावर सांधायची बोटं ती,
एक केस सुटत नाही.
सासू म्हणते, "पाय बरं, कसा हासते थो."

आणि मी कडी लावली का ते तीनदा बघते.
बुधवारच्या बाजारात हातात वांगं धरून उभी राहिले,
बाई भाव सांगत होती,
मला तो आकडा नुसता ऐकू येत होता, कळत नव्हता.
मोबदला आला का म्हणून बँकेत विचारायला गेले,
शिपायाला आधी म्हणाले, माफ करा.
कशाबद्दल, त्यालाही समजलं नाही.

एका रात्री मोबाईलच्या उजेडात
मी एक कोरा फॉर्म घेतला, माझं नाव टाकलं.
कुटुंबप्रमुख: भास्कर. खोडलं. परत भास्कर.
बेरीज सतरा.
खाली छापलं होतं, पंधराच्या वर असल्यास
आशाताईंनी सोबत घेऊन जावे.
मला हसू आलं. तोंडावर पदर धरला, पोरगी उठेल म्हणून.

माघात त्याला काम मिळालं.
तालुक्याच्या जिनिंगवर चौकीदार, रात्रीचाच.
सासूनं गल्लीत साखर वाटली.
मी आंघोळ करून, केस मोकळे ठेवून लवकर पडले,
आता झोप येईल म्हणून.
पावणेअकराला बाजेवर उठून बसले.
पाय चपलेत.
मला काही आठवलं नाही, कुठं जायचं ते.

फोन लावला.
"काऊन वं, झोपली नाई?"
मी म्हटलं, एक विचारायचं होतं, फॉर्मातलं.
तो गप्प. मागं कुत्रं भुंकत होतं, पत्रा वाजत होता.
"तो फॉर्म गादीखाली हाय न," तो म्हणाला, "मी वाचला होता.
कसं बोलाव, समजे नाई.
सकाळी मी आलो का जाऊ दवाखान्यात.
आता पड. मी जागा हाय."

फोन त्यानं ठेवला नाही.
रुईच्या गाठी मोजत राहिला, मोठ्यानं, आपल्याशीच.
एकेचाळीसपर्यंत मी ऐकल्या.