एक, तीन, चार, दोन

रबाळ्यात, पास्कल मिस्त्रीच्या गॅरेजात
हातात पाना यायच्या आधी
कान तयार करून घ्यायचे.

"पुढून वाजली का मागून?"
गाडीवाल्याचं नावही न विचारता हा पहिला प्रश्न.

मागून, सायलेन्सरमधून बार निघाला
तर समज, पेट्रोल जास्त होतंय,
न जळताच बाहेर पडून तापल्या नळीत पेटतंय.
कुत्री पळतात, गोठिवलीच्या म्हाताऱ्या शिव्या घालतात,
बाकी काही नाही.
पुढून, कार्बोरेटरच्या तोंडातून खोकली
तर आधी भुवया सांभाळ.

त्याची डावी भुवई अर्धीच होती.
कधी गेली विचारलं तर दर वेळी वेगळी गाडी:
अँबेसेडर, मॅटाडोर, एकदा तर
बेलापूरच्या कुणा फौजदाराची फियाट.

मी अकरावी नापास होऊन आलेली.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला,
तो डोळे मिटून बोलायचा.
"हवा जास्त, पेट्रोल कमी, की आग आळशी होते.
रेंगाळत जळते.
तेवढ्यात वॉल्व्ह उघडतो पुढच्या घोटासाठी
आणि ती त्याच दारातून उलटी येते.
दार नीट मिटत नसेल तरी तेच.
ठिणगी अवेळी पडली तरी तेच.
आगीला काय शिव्या घालतेस, जयवंती?
घड्याळ बघ."

आणि एक नियम:
ज्वाळा दिसली तर पळायचं नाही, सेल्फ मारत राहायचं.
इंजिन आपली आग आपणच गिळतं.

कमळाकर मढवींची जीप आली त्या दिवशी
संध्याकाळी घणसोलीत पुतण्याची हळद होती.
बॉनेटवर झेंडूच्या माळा आधीच बांधलेल्या,
त्या तशाच ठेवून बॉनेट वर केलं.
मी प्लग साफ केले, वायरी परत लावल्या
सिलिंडरं उभी तशाच: एक, दोन, तीन, चार.
शाळेच्या रांगेसारख्या.
फिल्टर अजून बाकड्यावर. सेल्फ मारला.

एक खोकला. दुसरा.
मग वीतभर पिवळी जीभ,
आणि झेंडूला करपल्याचा वास.
मी शिकवल्याप्रमाणे सेल्फ दाबूनच धरला.
"सोड! सोड तो!"
ओलं पोतं घेऊन त्याने कार्बोरेटरचं तोंड दाबलं,
मयताच्या घरी हसणाऱ्या पोराचं दाबतात तसं.

कमळाकरशेठ ओरडत आले. कुणी केलं हे?
"गास्केट गेलं होतं," पास्कल म्हणाला,
"माझंच लक्ष नव्हतं."
नवं गास्केट घातलं, पैसे घेतले नाहीत.
माळेतली करपलेली चार फुलं खुडली.
मग माझ्याकडे पाठ करून, काही न बोलता,
तीन वायरी उपसून पुन्हा खोचल्या.

हळदीत म्हणे बँजोच तेवढा वाजला,
जीप नाही.

रात्री ऐरोलीच्या रिक्षात मला उलगडलं:
आग गिळायला इंजिनाचा क्रम तरी धड हवा.
त्या वायरींवर सेल्फ मारत राहिले असते
तर त्याने आणखी ओकली असती.
"सोड" म्हणाला
तेव्हाच त्याने पाहिलं होतं.

सकाळी डिस्ट्रिब्युटरच्या एका जुन्या टोपणावर
नेलपॉलिशने रंगवलेले चार आकडे, माझ्या बाकड्यावर.
रंग त्याच्या बायकोचा, एर्मेलिंडाचा, गडद लाल.
विषय पुन्हा निघाला नाही.

आता मी महापेला असते. गाड्या खोकत नाहीत,
पडद्यावर कोड येतो, तो वाचायचा.
कान नुसते बसून.

घरी चार कप मांडले की ओतताना
हात आपला आपण जातो:
पहिला, तिसरा, चौथा, दुसरा.
दुसऱ्या कपाशी सासूबाई.
त्यांना वाटतं, मुद्दाम करते.
विचारलंच कधी
तर सांगेन, गास्केट गेलंय.