सहीची रेघ

दप्तरातून तिनं काढलं शाळेचं गुलाबी कार्ड,
दुमडलेलं, डब्यातल्या तेलानं एक कोपरा पारदर्शक झालेला.
'वजन : वयाच्या मानाने जास्त.
पालकांनी लक्ष द्यावे.'
खाली सहीसाठी एक रेघ.
पालक म्हणजे मी,
बारा तास रिक्षात बसून
सीटचाच आकार घेतलेला.

"तुझं कार्ड कोण भरणार, बाबा?" शरयू म्हणाली.

उत्तर नव्हतं, म्हणून दोघींना घेऊन गेलो
धनकवडीच्या चढावर, अश्फाकभाईंच्या भंगारच्या दुकानात,
जिथे रद्दी, कुलर नि मोडक्या सायकली तोलतात.
शरयू चढली काट्यावर : एकेचाळीस.
वैजयंता चढली, पर्स ठेवून, चपलाही काढून,
आणि आकडा तळहातानं झाकला.
मी चढलो. अश्फाकभाईंनी चष्मा पुसला,
"लोखंडाचा भाव लावू, की रद्दीचा?"
हसताना माझ्या शर्टाचं
तिसरं बटण सुटलं.

रात्री झोप नाही. आठवत होते पुडे,
दहा-दहा रुपयांचे, कुरकुरीत, शेवटची सवारी सोडून
रोज घेऊन यायचो ते.
उशीर झालेला असायचा,
ती अर्ध्या झोपेत दाराशी यायची,
रिकाम्या हातानं कसं जायचं तिच्यासमोर?
मायाच होती ती.
मीठ जरा जास्त पडलेली.

आणि वैजयंता. सहकारनगरात चार घरी स्वयंपाक करते,
तेल कमी, भाज्या वाफवलेल्या, एका घरी तर मोजून सहा बदाम.
आपल्या दारात पोचते तेव्हा
तिच्यात जीव उरतो
दोन मिनिटांच्या पाकिटापुरता.
हे मला कार्ड वाचून कळलं. कार्डावर लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून संध्याकाळची परात माझ्याकडे.
पहिली भाकरी कर्नाटकासारखी निघाली,
दुसरीचे दोन जिल्हे तव्यावरच वेगळे झाले.
शरयूनं नकाशाच्या वहीत बघून
एकेकीला नाव दिलं, आणि खाल्ल्या.
मार्केट यार्डाची पहाटेची सवारी मिळाली
की आता घरी येते हरभऱ्याची जुडी.
ती दारात बसून घाटे सोलते,
बोटांना लागलेली आंब चाटते,
आणि जेवायला बोलावलं की म्हणते, पोट भरलं.
पुडे बंद झाले असं नाही.
शनिवारी एक. तिघांत.

रविवारी तळजाईला गेलो.
पहिल्या रविवारी वीस मिनिटं चढलो,
उतरल्यावर तीन वडापाव. हिशेब बरोबरीत.
दुसऱ्या रविवारी पाहुणे आले.
तिसऱ्या रविवारी, वर, झाडांमधल्या मोकळ्या जागेत
शरयू म्हणाली, "पकडापकडी."
मी दगडावर बसून धाप मोजत होतो.
वैजयंतानं पदर खोचला.

आणि मग ती नव्हतीच तिथे.
या झाडापासून त्या झाडापर्यंत
एक हिरवी साडी वळत होती, हुलकावणी देत होती,
खोडाला हात लावून अशी फिरत होती
की पोर दोनदा तोंडावर पडता पडता वाचली.
कुठे तरी मोर ओरडला. मला वाटलं, तोही बघतोय.

"दौंड तालुका, खो-खो," धापा टाकत ती म्हणाली,
"नववीपर्यंत."
लग्नाला तेरा वर्षं झाली.
तिनं कधी सांगितलं नव्हतं.
मी कधी विचारलं नव्हतं.

जूनमध्ये नवं कार्ड आलं.
वजन : बेचाळीस.
मी जरा खट्टू झालो. शरयूनं बोट ठेवलं
बाजूच्या रकान्यावर : उंची चार बोटं वाढलेली.
शेऱ्याची जागा बाईंनी रिकामी सोडलीय,
तिचा अर्थ काय, ते त्यांनाच ठाऊक.

खाली तीच रेघ.
मी खिशातून पेन काढलं,
पोरीनं ते माझ्या हातातून घेतलं
आणि आईसमोर धरलं.
वैजयंतानं कणकेचा हात पुसला, सही केली,
एवढं लांब नाव, एवढीशी रेघ.
शेवटची दोन अक्षरं
रेघ ओलांडून पुढे पळाली.